चढावरची टकटक

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पुण्याला माझ्या भावाकडे गेलो होतो, तिथून खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानात. माझा नववीतला मुलगा नायट्रो या रोलर कोस्टरमध्ये बसला, मी खाली उभी. गाडी चढावर टक-टक-टक वाजत होती आणि इकडे माझे हातपाय गार पडले. दिवाळीत त्याला पुन्हा जायचं आहे. चढावर साखळी तुटली तर? आणि गाडी उलटी होते तेव्हा रुळावरून सुटत कशी नाही?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, ज्या आवाजाने तुम्ही घाबरलात, तोच तुमच्या मुलाला सांभाळत होता. माझी सगळी नोकरी मोतीबागच्या रेल्वेच्या नॅरोगेज वर्कशॉपात गेली. चेन-पुलीने जड वस्तू उचलताना हीच टकटक दिवसभर कानावर पडायची. चढावर साखळी गाडीला वर ओढते. तिथेच रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते आणि डब्याखाली लोखंडी जीभ. गाडी वर सरकते तशी जीभ एकेक दात ओलांडून पुढच्या खाचेत पडते, तीच ती टक. साखळी तुटलीच, तरी गाडी जेमतेम एका दाताएवढी मागे येऊन अडकते. उतारावर ही पट्टी नसते, म्हणून तिथे टकटकही नसते.

अमेरिकेत न्यू जर्सीला ‘किंगडा का’ नावाचा 139 मीटर उंच रोलर कोस्टर होता. 2005 मध्ये सुरू झाला, 2025 मध्ये पाडला. त्याला साखळीच नव्हती. गाडी सपाटीवरच ताशी 206 किलोमीटर वेगाने फेकली जाई. कधीकधी ती माथा न ओलांडता मागे यायची, तेव्हा चुंबकी ब्रेक तिला अलगद थांबवत. त्यांना वीजही लागत नाही.

आता रुळाचं. आगगाडीचं चाक रुळावर नुसतं टेकलेलं असतं. आतली कड त्याला बाजूला घसरू देत नाही, पण वर उचललं तर ते सहज निघतं. रोलर कोस्टरचा रूळ म्हणजे पोलादी नळी, आणि तिला वरून, बाजूने, खालून अशी चाकं धरतात. उलट्या वळणात वेगामुळे डबा रुळावरच दाबला जातो, आणि वेग कमी पडला तरी खालची चाकं त्याला सुटू देत नाहीत. वर्कशॉपात असतो तर ही रचना मी पोरांना फळ्यावर काढून दाखवली असती!

दिवाळीत त्याला मधल्या रांगेत बसवा. मागच्या रांगेला उतारावर जास्त हिसका बसतो, कारण पुढचे डबे आधीच खाली धावू लागलेले असतात. चष्मा, मोबाइल तुमच्याकडे ठेवा. मान, पाठ किंवा हृदयाचा त्रास नसेल तर तुम्हीही शेजारी बसा.