फ्रिजमधली प्लेट

अनेक आशीर्वाद.

थंड समुद्रातले, शैवाल कुजवणारे जिवाणू वाढवायला तू खाद्य घातलेल्या काचेच्या चपट्या बशा, म्हणजे प्लेट्स, फ्रिजमध्ये ठेवल्यास. दहा दिवस झाले तरी काही उगवलं नाही, म्हणून त्या 25 अंश सेल्सिअसवर ठेवायचा विचार आहे असं लिहिलंस. ठेवू नकोस. मी हेच केलं होतं. तीन दिवसांत प्लेट भरली, मी खूश! पण उगवले होते ते उबेतही तग धरणारे. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, ते शीतप्रिय जिवाणू गेले. त्यांना 15 अंशांच्या आत बरं वाटतं. 20 च्या पुढे त्यांची वाढच होत नाही. 4 अंशांवर तीन-चार आठवडे जाऊ देत.

थंडीत कुजणं थांबतं, हा समज आधी सोड. ध्रुवीय समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशांपर्यंत गोठत नाही, आणि तळाशी गेलेल्या तपकिरी शैवालावर तिथेही जिवाणू चरत असतात. त्यांच्या एन्झाइमचा, म्हणजे अन्न तोडणाऱ्या प्रथिनाचा, बांधा सैलसर असतो, म्हणून ते गारठ्यातही काम करतं. त्याच सैलपणापायी थोड्या उबेत त्याची घडी मोडते.

लॅमिनॅरिन ही शैवालाच्या साठवणीतली साखर, ती लवकर फस्त होते. फ्युकॉयडन ही सल्फेट लागलेली दुसरी साखर फार चिवट, तिच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. तू अल्जिनेट धर, म्हणजे शैवालाच्या पेशीभित्तीतली साखरेची साखळी. शैवालाच्या कोरड्या वजनात ते साधारण 20 ते 40 टक्के भरतं. त्याची साखळी इतकी लांब, की अख्खी पेशीत शिरत नाही. मग जिवाणू लायेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतो, साखळी तोडतो, तुकडे आत ओढतो. गंमत अशी, की तोडणारा एक आणि तुकडे पळवणारे शेजारी अनेक. म्हणून अल्जिनेट हेच खाद्य असलेल्या प्लेटवर आलेली प्रत्येक कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, तोडणारीच, असं धरून चालू नकोस. मी या फुकट्यांवर सहा महिने घालवले.

ओळखायचं कसं? प्लेटवर कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ओत. अखंड अल्जिनेट कॅल्शियमशी बांधलं जाऊन दुधी होतं. साखळी तुटलेली असेल तिथे कॉलनीभोवती पारदर्शक कडं उरतं. ओतण्याआधी कॉलन्या दुसऱ्या प्लेटवर उतरवून घे, नाहीतर कडं दिसेल आणि जिवाणू हातचा जाईल.

आणि हो, एखादी कॉलनी खड्ड्यात बसलेली दिसली, तर प्लेट बिघडली म्हणून फेकू नकोस. प्लेटमधला जेलीसारखा थर, म्हणजे अगार, हाही लाल शैवालातूनच येतो. तो जिवाणू तुझी प्लेटच खातोय.