वाचक विचारतात : आफ्रिकी गाणी आणि लेबलवरची नावं

आफ्रिकेतल्या गाजलेल्या गाण्यांमागच्या खऱ्या गोष्टींबद्दल प्रश्न पाठवा, असं आम्ही गेल्या अंकात सुचवलं होतं. इंदूर आणि महूच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतली काही निवडून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : रामबागेतल्या आमच्या महिला मंडळाच्या कोजागिरीला ‘मलायका’ हे स्वाहिली गाणं बसवतोय. ‘हुंडा नसल्यामुळे लग्न होऊ शकलं नाही’ असा अर्थ एके ठिकाणी वाचला. तो बरोबर आहे का? आणि उच्चार कसे करावेत?

उत्तर : निवेदनातून ‘हुंडा’ हा शब्द आधी काढून टाका, कारण त्यानं गाण्याचा अर्थच उलटा होतो. मलायका म्हणजे देवदूत. गाण्यातला तरुण म्हणतो, तुझ्याशी लग्न केलं असतं, पण माझ्याकडे ‘माली’ नाही. हा ‘माली’ आपल्या ‘माल’चा सख्खा भाऊ, दोघंही अरबीतून आलेले. पूर्व आफ्रिकेत लग्नात द्यायची संपत्ती वराकडून वधूच्या घरी जाते; स्वाहिलीत तिला ‘माहारी’ म्हणतात. मराठीत यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे : देज. तोच वापरा. देणं मुलाच्या डोक्यावर आहे आणि ते त्याला झेपत नाही, हे श्रोत्यांना कळलं तरच त्याचं दुःख पोहोचतं. पुढे गाण्यात ‘पेसा’ येतो. तो आपला पैसाच, व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून गेलेला.

आता उच्चार. स्वाहिलीत स्वर पाचच आहेत : आ, ए, इ, ओ, उ. ते सगळे मोकळे आणि पूर्ण म्हणायचे. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळायची आपली सवय इथे चालत नाही. जोर शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. ‘मा-ला-इ-का’ ही चार अक्षरं आहेत. ‘मलैका’ असं तीन अक्षरांत उरकलंत की ओळ लयीत बसत नाही. सर्वांत अडतो तो ‘निंगेकुओआ’ हा शब्द. तो फोडून पाठ करा : ‘नि’ म्हणजे मी, ‘ंगे’ म्हणजे ‘केलं असतं’मधलं ‘असतं’, ‘कु’ म्हणजे तुला (तुझ्याशी) आणि ‘ओआ’ म्हणजे लग्न करणं. ‘ओआ’चा ‘ओवा’ होऊ देऊ नका. आठवडाभर चाल बाजूला ठेवून नुसत्या टाळीवर शब्द म्हणा, मगच सुरात घ्या. आधी चाल बसली तर चुकीचे उच्चारही तिच्यासोबत पक्के होतात.

एक बारकावा मंडळाला सांगण्यासारखा आहे. ‘ओआ’ हे क्रियापद पुरुषानं लग्न करण्याचं. स्त्रीसाठी त्याचं कर्मणी रूप ‘ओलेवा’ येतं. म्हणजे शब्द पुरुषाच्या तोंडचे आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम मकेबा यांनी ते न बदलता गायले आणि त्यांच्यामुळेच गाणं जगभर गेलं. तुम्हीही बदलू नका.

गाणं कोणाचं, यावर जुना वाद आहे. केनियाच्या फाधिली विल्यम यांनी ते १९६०च्या सुमारास ध्वनिमुद्रित केलं आणि संगीतकार म्हणून नाव त्यांचंच लागलं. टांझानियाचे आदम सालिम यांचं म्हणणं असं की, आपण ते १९४५ मध्ये नैरोबीत रचलं, प्रेयसीच्या घरच्यांनी तिचं लग्न एका श्रीमंत आशियाई माणसाशी लावून दिलं म्हणून. कार्यक्रमात दोन्ही नावं घ्या. पहिल्यांदा ध्वनिमुद्रित करणारा आणि पहिल्यांदा रचणारा एकच असतो असं धरून चाललं की अशी गोष्ट सांगताना घसरायला होतं.

प्रश्न : जुन्या इंदुरातलं घर आवरताना आजोबांच्या पेटीत १० इंची, जड, काळी तबकडी निघाली. लेबलवर ‘स्कोकियान’ असं नाव आहे. हे काय आहे? घरच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली तर चालेल का?

उत्तर : घाई करू नका, आधी तबकडी वाचवा. जड आणि ठिसूळ असेल तर ती लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी आहे. पडली तर बशीसारखी फुटेल. स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं ती मुळीच पुसू नका. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, हे आठवा. तुमच्या तबकडीच्या खाचांचंही तेच होईल. कोमट पाण्याच्या वाटीत भांड्यांच्या साबणाचे दोनच थेंब घाला, मऊ फडकं पिळून घ्या आणि खाचांच्या दिशेनं गोल पुसा. लेबलला पाणी लागू देऊ नका. मग साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून तबकडी सावलीत उभी वाळवा.

घरचा प्लेअर ३३ आणि ४५चा असेल तर त्याची सुई या तबकडीला चालत नाही. एलपीच्या (३३ फेऱ्यांच्या तबकडीच्या) सुईचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचं असतं, ७८च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनचं लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी, साठलेल्या धुळीत घासत जाते. आवाजापेक्षा खरखर जास्त येते आणि सुईही खराब होते. ७८ची वेगळी सुई बऱ्याच कार्ट्रिजना (सुई धरणाऱ्या भागाला) बसते, ती घ्या. प्लेअरला ७८चा वेग नसला तरी हरकत नाही. ४५वर लावून संगणकात ध्वनिमुद्रण करा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये वेग ४५वरून ७८ करा. डावा-उजवा चॅनेल मिसळून मोनो केलात की खरखर आणखी कमी होते. चावीचा ग्रामोफोन असेल तर पोलादी पिन दर बाजूला नवी लावा. एकदा वाजलेली पिन झिजून धारदार होते आणि पुढची बाजू खरवडते.

आता गाणं. स्कोकियान हे दक्षिण आफ्रिका आणि आजच्या झिम्बाब्वेतल्या कामगार वस्त्यांमधल्या हातभट्टीच्या दारूचं नाव. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि पाणी. एका दिवसात तयार. गोऱ्या सरकारची तिच्यावर बंदी होती, धाडी पडत, आणि जिथे ती प्यायली जाई तिथे हे संगीत वाजे. झिम्बाब्वेचे सॅक्सोफोनवादक ऑगस्ट मुसारुर्वा यांनी ही धून १९४७ मध्ये बांधली. मुळात तिला शब्दच नाहीत, सगळं सॅक्सोफोनवर आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत तिची लाट आली. टॉम ग्लेझर यांनी इंग्रजी शब्द लिहिले आणि दारूच्या गुत्त्याची धून एका सुखी, रम्य मुलुखाचं गाणं होऊन बसली.

म्हणून तुमच्या तबकडीवर कंसातली बारीक अक्षरं भिंगाखाली वाचा. ग्लेझर हे नाव असेल तर ते १९५४चं किंवा नंतरचं रूप. मुसारुर्वा यांचं नाव जुन्या लेबलांवर अनेकदा ‘म्सारुर्ग्वा’ असं चुकीच्या स्पेलिंगनं छापलेलं आढळतं. ती वेगळी व्यक्ती नव्हे. हे गाणं ध्वनिमुद्रित करणाऱ्यांत अमेरिकेचे जाझ कलाकार लुई आर्मस्ट्राँगही होते. १९६० मध्ये आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना ते मुसारुर्वांना जाऊन भेटले.

प्रश्न : माझे आजोबा १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला गेले होते. महूला परतल्यावर ते ‘आंदेपांदांस चा-चा’ असं काहीतरी गुणगुणायचे. हे खरंच गाणं आहे का?

उत्तर : अगदी खरं गाणं आहे, आणि आजोबांच्या कानावर ते रोज पडलं असलं तरी नवल नाही. आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांच्या स्वातंत्र्याच्या वेळी ते वाजलं. जानेवारी १९६० मध्ये बेल्जियमनं काँगोच्या पुढाऱ्यांना ब्रुसेल्सला गोलमेज परिषदेसाठी बोलावलं. त्यांच्याबरोबर ‘आफ्रिकन जाझ’ हा वाद्यवृंदही गेला. त्याचे प्रमुख जोसेफ काबासेले, लोक त्यांना ‘ल ग्रां काले’ म्हणत. गिटारवर डॉक्टर निको. ३० जून १९६० ही स्वातंत्र्याची तारीख ठरली आणि गाणं तिथेच, ब्रुसेल्समध्ये तयार झालं. भाषा ‘लिंगाला’ ही काँगोतली, नाचाची लय क्यूबाची. ‘तोझुई’ हा त्यातला शब्द म्हणजे ‘मिळवलं आपण’.

हे गाणं आज ऐकताना त्यातली नावं मोजा. बोलिकांगो, कासावुबू, लुमुंबा, कालोंजी, चोंबे असे निरनिराळ्या पक्षांचे पुढारी एका दमात येतात, कारण परिषदेपुरती त्यांनी एकजूट केली होती. स्वातंत्र्यानंतर पंधरवडाही झाला नव्हता तेव्हा, ११ जुलैला, चोंबे यांनी कटांगा प्रांत वेगळा काढला. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगातच लुमुंबांची हत्या झाली. आजोबांची तुकडी ज्या यादवीत उतरली, तिच्यातले विरोधक या गाण्यात शेजारी शेजारी उभे आहेत. आजोबांची पत्रं किंवा फोटो असतील तर मागची तारीख आणि गावाचं नाव जपून ठेवा. एलिझाबेथव्हिल हे नाव दिसलं तर ते आजचं लुबुम्बाशी, तेव्हाची कटांगाची राजधानी.

प्रश्न : नायजेरियाचे गायक फेला कुटी यांच्या ‘झोम्बी’ गाण्यामुळे सैन्यानं त्यांचं घर जाळलं, हे कितपत खरं?

उत्तर : घर जाळलं हे खरं. ‘गाण्यामुळे’ हा शब्द मात्र तेवढ्यावर सोडू नये. १९७६च्या या गाण्यात हुकमाशिवाय न हलणाऱ्या सैनिकाची, कवायतीच्या आज्ञा देत देत, टर उडवली आहे. भाषा नायजेरियाची पिजिन, म्हणजे तिथली मिश्र इंग्रजी, लांबी सुमारे १२ मिनिटं, म्हणजे एलपीची अख्खी बाजू. पण त्याआधीच फेलांनी लागोसमधलं आपलं घर ‘कालाकुटा प्रजासत्ताक’ म्हणून जाहीर केलं होतं, पोलिसांशी त्यांच्या चकमकी झाल्या होत्या आणि १९७७च्या सुरुवातीला सरकारनं भरवलेल्या मोठ्या कला महोत्सवावर त्यांनी बहिष्कार टाकला होता. महोत्सव १२ फेब्रुवारीला संपला आणि १८ तारखेला सुमारे हजार सैनिक घरावर चालून आले. फेलांच्या आई फुनमिलायो रॅन्सम-कुटी, स्त्रियांच्या चळवळीच्या मोठ्या नेत्या, तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या. त्यांना खिडकीतून खाली फेकलं गेलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या. चौकशीनं ठपका ‘अज्ञात सैनिका’वर ठेवला. फेलांनी तेच शब्द उचलून नंतरच्या एका गाण्याचं नाव केलं.

प्रश्न : सुदामानगरातल्या आमच्या शाळेत मुलं ‘वीमोवे, वीमोवे’ हे सिंहाचं गाणं म्हणणार आहेत. ‘वीमोवे’चा अर्थ काय? कार्यक्रमपत्रिकेत रचनाकार म्हणून कोणाचं नाव द्यावं?

उत्तर : ‘वीमोवे’ला अर्थ नाही, ती ऐकण्यातली चूक आहे. मूळ झुलू शब्द ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’. सॉलोमन लिंडा आणि त्यांच्या ‘ईव्हनिंग बर्ड्स’ या गायकगटानं १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत ‘म्बुबे’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. लिंडा त्याच कंपनीत तबकड्या बांधायच्या कामावर होते. ध्वनिमुद्रणाच्या शेवटाकडे त्यांनी उंच आवाजात आयत्या वेळी एक सुरावट घेतली. पुढे इंग्रजी शब्द बसले ते त्याच सुरावटीवर. हक्कांपोटी त्यांच्या हातात दहा शिलिंग पडले, आणि दहा वर्षांत तबकडी सुमारे एक लाख खपली.

तबकडी अमेरिकेत लोकगीतगायक पीट सीगर यांच्याकडे पोहोचली. त्यांनी शब्द कानानं टिपला, तिथे ‘वीमोवे’ झालं. त्यांच्या ‘वीव्हर्स’ गटाच्या गाण्यावर रचनाकार म्हणून ‘पॉल कॅम्पबेल’ हे नाव लागलं. असा माणूसच नव्हता. गटातल्यांनी लोकगीतांचे हक्क नोंदवायला घेतलेलं ते टोपणनाव. १९६१ मध्ये ‘टोकन्स’ गटानं जॉर्ज डेव्हिड वाइस यांच्या इंग्रजी शब्दांसह गाणं गायलं आणि ते घराघरांत गेलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारले.

लिंडांच्या मुलींना न्याय मिळाला तो १९११च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कॉपीराइट कायद्यातल्या एका कलमामुळे. लेखकानं हयातीत हक्क विकले असले तरी मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात, असं ते कलम होतं. त्या हिशेबानं १९८७ मध्ये हक्क लिंडा कुटुंबाकडे यायला हवे होते. २००४ मध्ये दावा लागला, फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली आणि मागच्या-पुढच्या मानधनात वारसांना वाटा मिळाला. आमच्या मते तो फार उशिरा मिळाला.

बसवताना मुलांचे दोन गट करा. मोठ्या गटानं खालच्या पट्टीत ‘उयिम्बुबे’ धरायचं. पेटीवर आधारस्वरांचं आवर्तन सा, म, सा, प असं, प्रत्येकी एक चक्र. उंच सुरावट मोजक्या तीन-चार मुलांना द्या. सगळ्यांनी वर जायचा प्रयत्न केला की आवाज फाटतात आणि खालचा ठेका सुटतो. पत्रिकेत एवढंच छापा : ‘म्बुबे’, मूळ रचना सॉलोमन लिंडा, १९३९, इंग्रजी शब्द जॉर्ज डेव्हिड वाइस, १९६१.