आजारपणाच्या आधीची ती

प्रिय बंधू,

येत्या वैशाखात तुमच्या पत्नीचे पहिले वर्षश्राद्ध आहे. त्या निमित्ताने, महाविद्यालयात खो-खो खेळलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ मुलींचा खो-खोचा सामना भरवावा असे तुमच्या लेकीच्या मनात आहे आणि थोरल्या वहिनींना ते शोभणारे वाटत नाही. तुम्ही स्वतः तिच्याविषयी दोन पाने लिहायला बसता, पण ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ यापलीकडे लेखणी सरकत नाही, कारण डोळ्यांपुढे रुग्णालयातले शेवटचे चार महिनेच येतात, असे तुम्ही कळवले आहे.

सामन्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तिथीला घरी श्राद्ध यथासांग करावे आणि सामना पुढच्या रविवारी ठेवावा. वहिनींना नुसते बोलावणे धाडू नका, काम सांगा. तुमची पत्नी मैदानावरच्या साऱ्या पोरांना कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घालत असे, ते त्या दिवशी वहिनींच्या हातचे असू द्या. सोलापूरचे वैशाखातले ऊन पाहता सामना सकाळी लवकरच आटोपावा.

माझा जीव अडकला आहे तो त्या दोन पानांत. शेवटचे दिवस सर्वांत ताजे आणि सर्वांत वेदनेचे असल्यामुळे ते आधी आठवतात, त्यात तुमच्या प्रेमाची उणीव नाही. मात्र तीस वर्षांचा संसार त्या चार महिन्यांनी झाकून टाकावा, हे मला मान्य नाही. तुमच्याच पत्राच्या शेवटी एक ओळ घाईघाईने लिहिलेली आहे: जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या तिने मोबाइलवर अंतिम सामना पाहिला, प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असे हरवल्यावर सलाईन लावलेला हात उंच केला आणि परिचारिकेची बोलणी खाल्ली. बंधू, तुमचे पहिले पान इथूनच सुरू होते.

पुढचे एकट्याने आठवत बसू नका. तिच्या उजव्या गुडघ्यावरचा व्रण खांबापाशी सूर मारताना झाला, एवढेच तुम्हाला ठाऊक आहे. तो कोणत्या सामन्यात झाला आणि त्यानंतरही ती डाव संपेपर्यंत खेळली का, हे तिच्या महाविद्यालयीन संघातल्या मैत्रिणी सांगतील. त्यांच्या घरी जा आणि नेमके विचारा. ती पाठलागात तरबेज होती की पळतीत? खो देताना तिचा आवाज कसा लागायचा? हरल्यावर ती रडायची की भांडायची? ऐकलेले त्याच रात्री वहीत उतरवा, कारण तपशील फार लवकर पुसट होतात. तिचा राग आणि हट्ट गाळू नका. पंचांशी हुज्जत घालणारी बाई प्रेमळ नसते असे थोडेच आहे?

आईचा विषय निघाला की तुमचा मुलगा उठून जातो, असेही तुम्ही लिहिले आहे. त्याची मला अधिक काळजी वाटते. आपल्या घरांतून लेकींना रडायला कुशी मिळते आणि वयात आलेल्या मुलग्यांना ‘आता तूच धीर धर’ एवढेच ऐकायला मिळते, हे मला नेहमी खुपते. त्याला भाषणाचा आग्रह करू नका. मैत्रिणींकडे जाताना गाडी चालवायला म्हणून त्याला सोबत न्या आणि सामन्याच्या दिवशी गुणलेखनाची वही त्याच्याकडे सोपवा. त्यानंतरही त्याचे जेवण, झोप किंवा अभ्यास सुटलेला दिसला, तर समुपदेशकाची वेळ घ्या आणि पहिल्या भेटीला तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर जा.

तुमची,
ताई