वाचक विचारतात : गेम डेला फोन न उचलणारी मुलं

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की अमेरिकेत शिकून आलेल्यांनी तिथल्या कॉलेज फुटबॉलच्या शनिवारांच्या आठवणी पाठवा आणि प्रश्न असतील तर विचारा. मेल भरपूर आले, पण निम्म्यांत प्रश्न नाहीच, नुसत्या आठवणी आणि शेवटी लाजेखातर एक प्रश्नचिन्ह. चालतंय की. नवख्यांसाठी एवढंच सांगते की हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा, आपल्या कूपरेजवरचा नव्हे. आणि मी स्वतः ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकलेय, त्यामुळे निःपक्षपाती राहायचा प्रयत्नसुद्धा करणार नाहीये. आमचे जुने प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटवाले, त्यांनी हे लक्षात ठेवून पुढे वाचावं.

मुलगा यंदा अ‍ॅन आर्बरला एमएसला गेलाय. रोज फोन करतो, पण शनिवारी म्हणतो आई आज गेम डे आहे, आज नको. मॅच दुपारी असते म्हणे, मग हा सकाळी सातला कुठे जातो? काही व्यसन वगैरे तर नाही ना लागलं? (एक आई, मुलुंड)

अहो ताई, व्यसनच आहे, पण मुलगा एकटा नाहीये त्यात, अख्खं गाव आहे. अ‍ॅन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास आणि तिथल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१, आता तुम्हीच हिशोब करा. १९२७ साली बांधलेलं हे स्टेडियम जमिनीत खड्डा करून बसवलंय, त्यामुळे बाहेरून बघितलं तर एवढं काही मोठं वाटत नाही, गेटमधून आत गेलं की आपण थेट वरच्या ओळीशी उभे आणि खाली तो सगळा पिवळा-निळा समुद्र, पहिल्यांदा बघताना पाय थबकतात. नोव्हेंबर १९७५ पासून तिथल्या प्रत्येक मॅचला लाखाच्या वर लोक आलेत, फक्त २०२० ला कोविडमुळे खंड पडला.

सकाळी सातला जातो तो टेलगेटला. म्हणजे काय तर गाडीची डिकी उघडायची, शेगडी पेटवायची, फोल्डिंगच्या खुर्च्या मांडायच्या आणि मॅच सुरू होईपर्यंत खात-पीत बसायचं. स्टेडियमसमोर पायोनियर नावाची हायस्कूल आहे तिचं पार्किंग, शेजारचं गोल्फचं मैदान, सगळीकडे गाड्याच गाड्या, आजूबाजूचे लोक स्वतःच्या अंगणातल्या हिरवळीवरसुद्धा गाड्या लावू देतात आणि पैसे घेतात. गावच्या जत्रेसारखंच, देव एक आणि दुकानं शंभर. मग ढोलवाले वाजवत वाजवत स्टेडियमकडे निघतात आणि त्यांच्या मागोमाग सगळे चालायला लागतात. खेळाडू मैदानात पळत येतात तेव्हा एका लांबलचक निळ्या बॅनरला उडी मारून हात लावतात, १९६२ पासूनची पद्धत आहे, ते बघायला मुलगा वेळेत पोचतोय एवढं समजा.

बिअर असते, खोटं कशाला सांगू. पण परक्या गावात एकट्या पडलेल्या पोराला कोणी अनोळखी आजोबा हाक मारून 'ये, खा काहीतरी' म्हणतात ते याच दिवशी, बाकी सहा दिवस तिथे शेजारीसुद्धा बोलत नाही. रविवारी फोन करा, घसा बसलेला असेल, रागावू नका.

मी १९७२ ते ७४ कोलंबसला ओहायो स्टेटमध्ये होतो. पहिल्या महिन्यात सकाळी सकाळी ढोल ऐकून मला वाटलं मोर्चा आलाय, खिडकी बंद केली. दोन महिन्यांत मीच त्या गर्दीत. वुडी हेज कोच होते. ७३ ची मिशिगनची मॅच आम्ही लॅबमधल्या रेडिओवर ऐकली, गाइड शेजारीच बसले होते, कोणी प्रयोगाकडे बघितलं नाही. आता नातू तिथेच आहे, नोव्हेंबरमध्ये त्याच्याबरोबर जाणार आहे. आमच्या वेळचं काही शिल्लक असेल का? (एक निवृत्त इंजिनिअर, दादर)

काका, तुमचा मेल वाचून मला राग आणि आनंद दोन्ही झालं. ७३ ची मॅच तुम्ही सहज लिहून टाकलीत, आमच्याकडे तो विषय अजून जेवताना काढत नाहीत. वाचकांसाठी सांगते, दोन्ही टीम तोवर एकही मॅच न हरलेल्या, अ‍ॅन आर्बरला १०-१० अशी बरोबरी झाली. तेव्हा ओव्हरटाइम नव्हता, बरोबरी म्हणजे बरोबरी. आणि बिग टेन या त्यांच्या गटाचा तेव्हाचा नियम असा की एकच टीम सीझननंतर खेळायला जाणार, ती रोझ बाउल या कॅलिफोर्नियातल्या मानाच्या मॅचला, बाकीच्यांनी घरी बसायचं. मग कोण जाणार? गटातल्या युनिव्हर्सिट्यांच्या क्रीडा संचालकांनी मतदान केलं आणि ओहायोला पाठवलं. आमच्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, कॉलरबोन त्या मॅचमध्ये मोडलं होतं त्यामुळे मतं फिरली असं म्हणतात. एकही मॅच न हरता मिशिगन घरी. तुमची टीम रोझ बाउल ४२-२१ ने जिंकलीही, म्हणजे पाठवलं ते चुकलं असंही म्हणायची सोय ठेवली नाहीत. १९७५ पर्यंत तो नियम होता.

आता शिल्लक काय. सगळ्यात महत्त्वाचं ते आहे, काळजी नको. बँड अजून मैदानावर पळत्या लिपीत 'ओहायो' लिहितो, आणि सूझाफोन (अंगाभोवती अडकवायचा मोठा पितळी भोंगा) वाजवणारा एक मुलगा किंवा मुलगी ऐटीत चालत जाऊन इंग्रजी 'i' अक्षराच्या डोक्यावरचा ठिपका होतो आणि दोन्ही बाजूंना वाकून नमस्कार करतो. १९३६ पासून चाललंय. (मिशिगनची असून सांगते, अंगावर काटा येतो. हे छापू नका असं संपादकांना म्हटलं होतं.) मॅचच्या आधी सेंट जॉन अरिनामध्ये बँडची तालीम होते ती चुकवू नका, काका, तिकीट महाग पडलं तर एकवेळ मॅच टीव्हीवर बघा पण तिथे जा. हेल्मेटवर चांगल्या खेळाबद्दल बकआय या झाडाच्या (टीमचं टोपणनावही तेच) पानाचे स्टिकर लागतात तेही १९६८ पासून तसेच आहेत. आणि मिशिगनच्या आठवड्यात तुमच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे एम आहे तिथे लाल फुली मारतात, नातवाला म्हणावं मलाही एक फोटो पाठव, मी रागवायला तयार आहे.

गेलं काय ते विचाराल तर वेळ गेली. माझ्या काळापर्यंत शनिवार म्हणजे दुपारी एक, डोळे झाकून. सकाळी लॉन्ड्री करायची, अकराला निघायचं, पाचला घरी येऊन भात टाकायचा. आता मॅच किती वाजता हे टीव्ही चॅनल ठरवतं, कधी बारा दिवस आधी कळतं तर कधी सहाच. बारा वाजता, साडेतीनला, रात्री साडेसातला, काहीही. याचं मूळ १९८४ मध्ये आहे, तोवर टीव्हीवर किती आणि कुठल्या मॅच दाखवायच्या हे सगळं एनसीएए म्हणजे तिथली मध्यवर्ती संस्था ठरवायची, सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली आणि मग ज्याने त्याने आपापल्या मॅच विकायला सुरुवात केली. आमच्या स्टेडियममध्ये तर कायमचे दिवे २०१० पर्यंत नव्हते आणि पहिली रात्रीची मॅच झाली सप्टेंबर २०११ ला, नोत्र दामशी, ती ३५-३१ ने जिंकलो म्हणून कोणी फार कुरकुर केली नाही.

बिग टेनमध्ये आता १८ टीम आहेत, नाव तेच. २०२४ पासून लॉस एंजेलिसच्या दोन युनिव्हर्सिट्यासुद्धा त्यात आहेत, म्हणजे रोझ बाउलला ज्यांच्याशी गाठ पडायची ते आता घरातलेच झाले. खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, जुने लोक याच्यावरही नाकं मुरडतात, पण मला विचाराल तर लाख लोक तिकीट काढून ज्यांना बघायला येतात त्या पोरांना पैसे मिळायलाच हवेत, त्यात रडण्यासारखं काय आहे. रडायचं तर त्या एक वाजताच्या शनिवारासाठी रडा.

व्यवहाराचं सांगते. तिकीट फोनवर असतं, नातवाच्या फोनवर असू दे. पिशवी न्यायची तर पारदर्शकच, नियम आधी बघून घ्या. नोव्हेंबरच्या शेवटी कोलंबसला थंडी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे पण तेव्हा तुम्ही चोविशीचे होतात, थर्मल दोन घाला, आणि बाकावर बसायला काहीतरी जाड घेऊन जा.

मी शुद्ध शाकाहारी. टेलगेटला एक सीझनभर बेक्ड बीन्स खाल्ले, खूप आवडले, नंतर कळलं त्यात बेकन असतं. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगू का? (विलेपार्ले)

नको.

मॅच साठ मिनिटांची आणि घरातला टीव्ही साडेतीन तास अडकलेला. हे काय गणित आहे? (एक त्रस्त बायको, ठाणे)

पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, पण घड्याळ सारखं थांबतं. पास हातातून सुटला की थांबलं, खेळाडू रेषेबाहेर गेला की थांबलं, जाहिरातीसाठी तर थांबतंच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं एवढाच खेळ आहे हो, आणि ते दहा यार्ड झाले की पूर्वी कॉलेजच्या मॅचमध्ये त्यासाठीही घड्याळ थांबायचं. २०२३ पासून ते फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं, म्हणजे तुमची पाच-दहा मिनिटं वाचली असतील. हाफटाइम मात्र वीस मिनिटांचा असतो कारण बँडला वाजवायचं असतं, आणि तो वेळ कमी करा म्हणणाऱ्याला जुने फॅन जिवंत सोडणार नाहीत. तेवढ्यात तुम्ही तुमची सिरियल लावून घ्या.

नवरा मिशिगनचा, मी ओहायोची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा अजून अवघड जातो. तुम्ही कोणाच्या बाजूने? (गोरेगाव)

हे विचारायची गरज होती का? नवऱ्याला १९५० ची मॅच आठवायला सांगा. कोलंबसला हिमवादळ, मैदानावरच्या रेषा दिसत नव्हत्या, मिशिगनने अख्ख्या मॅचमध्ये एकदाही ते दहा यार्ड पूर्ण केले नाहीत, एकही फर्स्ट डाउन नाही, २४ वेळा चेंडू लाथेने लांब मारून दिला आणि तरी ९-३ ने जिंकले. ओहायोच्या स्वतःच्या घरात. तुम्हाला वाईट वाटलं तर बरं वाटावं म्हणून सांगते की १९३४ पासून तुमच्याकडे मिशिगनला हरवणाऱ्या खेळाडूंना सोन्याच्या पँटीचं छोटंसं लॉकेट देतात. पुढच्या वेळी जिंकलात की नवऱ्याकडून तसलं करून घ्या, सोन्याचा भाव बघून तो मॅचच बघणं सोडेल.

हे सगळं वाचून वाईट वाटतं. आपल्या मुंबईत कॉलेजच्या मॅचला मुलांच्या आया आणि मैदानाचा माळी सोडून कोणी नसतं. आपल्याकडे असं का झालं नाही? (गिरगाव)

दोन गोष्टी आहेत. तिथे ही मोठी युनिव्हर्सिटी बहुधा छोट्या गावात असते, जवळपास व्यावसायिक टीम नसते, कॉलेजची टीम हीच गावाची टीम. नेब्रास्कात राज्यभरात एकही मोठी व्यावसायिक टीम नाही आणि तिथल्या युनिव्हर्सिटीचं स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक मॅचला हाउसफुल्ल आहे. मुंबईत तसं कसं होणार, इथे रणजी आहे, पावसाळ्यातली कांगा लीग आहे, आणि फुटबॉलची गर्दी व्हायची ती क्लबसाठी. रोव्हर्स कप १८९१ पासून होता, कूपरेजवर मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की पाय ठेवायला जागा नसायची असं जुने लोक सांगतात, पण कॉलेजचा त्यात काही संबंध नव्हता आणि २००० च्या आसपास तो कपही बंद पडला.

पण कॉलेजचं नाव घेऊन घसा फोडणं आपल्याकडे नव्हतं हे मला मान्य नाही. आयएनटीच्या (इंडियन नॅशनल थिएटरच्या) कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धा विसरलात? मैदानाऐवजी नाट्यगृह, एवढाच फरक. रुईया, रुपारेल, कीर्ती, साठ्ये, सगळ्यांची पोरं बाल्कनीत, पडदा उघडायच्या आधी 'अरे आव्वाज कुणाचा' आणि त्याला पलीकडून उत्तर, निकाल लागेपर्यंत बाहेर वडापाव आणि परीक्षकांच्या नावाने शिव्या, नंबर आला की ढोल, नाही आला की 'सेटिंग होती रे'. ७३ च्या त्या मतदानाबद्दल आम्ही मिशिगनवाले अगदी हेच म्हणतो. तिथे आणि इथे फरक असा की तिथे चाळीस वर्षांनी माजी विद्यार्थी नातवंडं घेऊन परत येतात, कॉलेजही त्यांना दरवर्षी होमकमिंगला बोलावतं (आणि देणगी मागतं, ते फुकट बोलावत नाहीत). आपल्याकडे पन्नाशीचे किती जण आपल्या कॉलेजची यंदाची एकांकिका बघायला जातात? तुम्ही जाता का? मीही नाही गेले बऱ्याच वर्षांत.

मुंबईत बसून मॅच बघायच्या तर साधारण किती वाजता? (बोरिवली)

तिकडच्या पूर्वेकडच्या वेळेने दुपारी बाराची मॅच म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊ, साडेतीनची म्हणजे मध्यरात्रीनंतर एक, आणि रात्री साडेसातची म्हणजे रविवारी पहाटे पाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग आपल्याकडे सगळं एक तास उशिरा. ओहायो-मिशिगन बहुतेक वेळा बाराची असते आणि नोव्हेंबरच्या शेवटी असते, म्हणजे रात्री साडेदहा ते दोन. सोसायटीत दहानंतर आवाज चालत नाही, उशी जवळ ठेवा.