उच्छ्वास लांब कर

पोरी,

नेमबाजीच्या सरावात 95 ची सिरीज लागते, म्हणजे 10 शॉटना 100 पैकी 95, आणि मॅचला पहिल्याच शॉटपासून हात थरथरतो, म्हणून तू आसनांची यादी मागितलीस. यादी मिळणार नाही. उच्छ्वास लांब कर.

श्वास घेताना नाडी किंचित चढते, सोडताना उतरते. म्हणून 4 मोजत नाकाने घे, 6 मोजत सोड. मिनिटाला सहा आवर्तनं होतात. रोज 10 मिनिटं, पहिले काही आठवडे मकरासनात. पालथं पडलं की पोट जमिनीवर दाबलं जातंय की नाही ते लगेच कळतं. नुसती छातीच हलत असेल, तर पिस्तूल धरल्यावर खांदाही तिच्यासोबत हलणार.

शॉटलाही तेच. पिस्तूल वर नेताना श्वास आत, लक्ष्यावर उतरवताना बाहेर, आणि सोडून झाल्यावर जो आपसूक थांबा येतो त्यात चाप. 5 ते 8 सेकंद, बस. त्यापुढे माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, धूसर होते, मनगट डळमळतं, मग तू घाईने चाप खेचतेस आणि शॉट खाली-डावीकडे जातो. 8 सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घे. त्यात लाज कसली? 60 शॉटना 75 मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट!

मॅचच्या सकाळी कपालभाती करतेस हे वाचून कपाळाला हात लावला. अगं, जे अंग आधीच धडधडतंय त्याला आणखी चेतवायचं कशाला? भस्त्रिकाही नको. त्राटक, म्हणजे एका जागी टक लावून बघणं, करायचंच तर आदल्या संध्याकाळी. त्याने डोळ्यांत पाणी येतं. वृक्षासन डोळे मिटून, भिंतीजवळ, एकेका पायावर 30 सेकंद. तेवढं चालेल.

आणि थरथर थांबवायला औषधाची गोळी सुचवणाऱ्याला दूर ठेव. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी ती औषधं, नेमबाजीत स्पर्धेबाहेरही बंद आहेत.

हा माणूस एकच गोष्ट धरून बसलाय, असं वाटेल तुला. बसलोय खरा. दहा प्राणायाम हाताशी असले की बिघडलेल्या प्रत्येक सिरीजनंतर अकरावा शोधावासा वाटतो, आणि पहिला कधी मुरतच नाही.

वहीत प्रत्येक शॉटपुढे थांबा किती सेकंदांचा होता ते लिही. पुढच्या पत्रात गुण नकोत, ते सेकंद कळव.