डेबियन १३ वर जाताना

तुमचा सर्व्हर अजून डेबियन (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीम) ११ वर असेल तर थेट १३ वर उडी मारू नका. आधी १२ वर या, आठवडाभर नीट चालू द्या, मग १३. मधली आवृत्ती गाळलेली डेबियनला चालत नाही.

त्याआधी बॅकअप. होस्टिंगवाल्याच्या स्नॅपशॉटवर (सर्व्हरच्या त्या क्षणाच्या प्रतीवर) विसंबू नका. डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) आणि सगळ्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली घरच्या डिस्कवर उतरवा आणि तो डंप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. चढवून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरतच नाही.

अपग्रेड टीमक्समध्ये (सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) चालवा, म्हणजे एसएसएच (सर्व्हरशी दूरून केलेली जोडणी) तुटलं तरी काम अर्धवट राहत नाही. कॉन्फिग फाइल बदलू का असं विचारलं की आधी फरक वाचा.

शेवटी साइटवर ५०२ ही एरर दिसली तर घाबरू नका. १२ मध्ये पीएचपी (साइटचा कोड चालवणारी भाषा) ८.२ होतं, १३ मध्ये ८.४ आहे, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) बहुधा जुन्याच ८.२ च्या सॉकेटचा (पीएचपीशी बोलायच्या जागेचा) पत्ता धरून बसलेलं असतं. तो बदला, रीलोड करा. पोस्टग्रेस या डेटाबेसचं जरा जपून: १५ च्या जागी १७ येतं, जुनं १५ मात्र तसंच राहतं, पण डेटा आपोआप नव्यात जात नाही. तो तुम्ही स्वतः हलवेपर्यंत जुनं पॅकेज काढू नका, हे कळकळीने सांगतो.

आणि हो, साइटला एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने सर्टिफिकेटची मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणं २०२५ मध्ये बंद केलंय. ते सर्टिफिकेट आपोआप नवं करणाऱ्या सर्टबॉटचा टायमर अपग्रेडनंतर चालू आहे ना, ते लगेच तपासा.