घराजवळची सहल आणि लघवीची गोळी

निवृत्तीनंतर जवळच्या टेकडीवर, तळ्याकाठी, बागेत पायी हिंडणारी मंडळी वाढली आहेत. फारसा खर्च नाही, शिवाय चार माणसं भेटतात. वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आणखी काय हवं? पण प्रश्न मात्र तेच ते येतात आणि त्यातले निम्मे कुणाच्या तरी फॉरवर्डमधून उगवलेले असतात. म्हणून यावेळी एकगठ्ठा उत्तरं देतो.

प्रश्न : रोज दहा हजार पावलं व्हायलाच हवीत का? माझी सहा हजारांवर जात नाहीत. वय ७१.

नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. तिथून तो सगळीकडे पसरला. २०१९ साली सरासरी ७२ वर्षं वयाच्या अमेरिकन स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे विशेष फरक दिसला नाही. तुमचं उत्तम चाललंय.

प्रश्न : एकट्याने फिरायला गेलं तर चालेल का?

चालेल. कुठे जाताय ते घरी सांगा आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी खिशात ठेवा.

प्रश्न : टेकडी चढताना काही होत नाही, उतरताना गुडघे दुखतात. चुंबकाचा पट्टा घ्यावा का?

घेऊ नका. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो आणि गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो. त्यात चुंबक काय करणार? दोन्ही हातांत काठ्या घ्या, पावलं छोटी टाका, वाट रुंद असेल तर नागमोडी उतरा. गुडघा सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मांडीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका, व्हिडिओ बघून नको.

प्रश्न : बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. कितीही भरभर चाललो तरी घड्याळात ठोके ११० च्या वर जात नाहीत. वेग वाढवू?

ठोके आवरणं हेच त्या गोळीचं काम आहे. ठोके जास्तीत जास्त किती जावेत याचं ‘२२० वजा वय’ हे गणित तुम्हाला लागू नाही. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. त्याहून वाढवायचा असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वाटेत स्वच्छतागृह नसतं, म्हणून सहलीच्या सकाळी आम्ही लघवीची गोळी (बीपीसाठी दिलेली, लघवी वाढवणारी) घेत नाही आणि पाणीही घोटभरच पितो. गुडघ्यांसाठी निघतानाच एक पेनकिलर घेतो. एका दिवसाने काय बिघडतं?

बरंच बिघडतं, आणि हे मी तपासणीच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की आता जरा सविस्तरच बोलतो.

वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते. लघवी घट्ट करून पाणी राखण्याची मूत्रपिंडाची ताकदही कमी होते. म्हणजे शरीरातलं पाणी घटलेलं असतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नसतो. ‘तहान लागली की पिऊ’ हा हिशेब साठीनंतर चालत नाही. अशा स्थितीत तुम्ही अर्धा तास बाकावर बसता, कुणीतरी हाक मारतं, झटकन उठता आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मी आधी आडवं झोपवून बीपी घेतो, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतो. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, की बाकाजवळ काय झालं ते कळतं. तिथे पडून खुब्याचं हाड मोडलं तर सहलींचा प्रश्नच मिटला.

पेनकिलरचं तर विचारूच नका. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, हे त्रिकूट कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला इजा करू शकतं. दुकानातून मागून आणलेली गोळी ‘साधी’ नसते.

गोळी बंद करणं हा उपाय नाही. अनेकांना तिची वेळ बदलून देता येते, परतल्यावर घेता येते. पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, ग्रुपने नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर किती प्यायचं हेही त्यांनाच विचारा. इलेक्ट्रोलाइटच्या रंगीत बाटल्यांत साखर आणि मीठ असतं, बीपीवाल्यांनी त्या सरबतासारख्या रिचवू नयेत.

आणि स्वच्छतागृह? आधी ते शोधा, मग वाट ठरवा. एवढं साधं आहे. दर तासाला जावंच लागत असेल तर तो वयाचा दोष समजून गप्प बसू नका. पुरुषांनी प्रोस्टेट तपासून घ्यावं. खोकताना, उतरताना लघवी निसटते हे बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने त्यातल्या बऱ्याच जणींना आराम पडतो. लाजून पाणी तोडण्यापेक्षा डॉक्टरकडे जा.

प्रश्न : पक्षी बघायला ६० पट मोठं दाखवणारी दुर्बीण जाहिरातीत पाहिली. घेऊ?

नको. हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची, साधी दुर्बीण घ्या. तिच्यातूनही धूसर दिसलं तर मोतीबिंदू तपासून घ्या.

प्रश्न : चढावर छातीत दडपण येतं, थांबलं की दोन मिनिटांत जातं. मित्र म्हणतात गॅस आहे. पुढच्या महिन्यातली सहल झाली की दाखवतो. चालेल ना?

नाही. हे उत्तर वाचाल त्याच दिवशी दाखवा आणि तोवर चढ बंद. थांबूनही दडपण गेलं नाही किंवा सोबत घाम सुटला तर रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत निघू नका. गॅस आहे की नाही ते ईसीजी झाल्यावर बघू.